गवत भरभर वाढते, मग ते सुधारायला इतका वेळ का लागतो?

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेला, सिडकोच्या रिकाम्या भूखंडांवर आणि पारसिक डोंगराच्या पायथ्याशी ऑगस्ट उजाडला की माणसाच्या डोक्यावर जाणारे गवत उभे राहते. त्यातले मोठे, मोकळे, फांद्याफांद्यांचे तुरे असलेले गिनी गवत चटकन ओळखू येते. नाल्याच्या काठाने जमिनीलगत सरपटत जाऊन पाण्यावर पसरणारे पॅरा गवत वेगळे. ही दोन्ही गवते मूळची आपल्याकडची नाहीत. गिनी गवताचे मूळ घर आफ्रिका. शहापूर-मुरबाडकडचा दूधवाला शेतकरी बांधावर ज्या संकरित नेपियरचे ठोंब लावतो, त्या नेपियरचे आणि त्याचा दुसरा पालक असलेल्या बाजरीचेही मूळ आफ्रिकेतच आहे. उष्ण कटिबंधातील गुरांचे पोट जगभर याच गोतावळ्यातील गवतांवर अवलंबून आहे. ब्राझीलमधील प्रचंड कुरणांवर आज पॅरा गवताच्याच कुळातील ब्रॅकिएरिया गवते पसरलेली आहेत.

असे असूनही गहू-भाताच्या वाणांमध्ये गेल्या पन्नास-साठ वर्षांत जेवढी उलथापालथ झाली, तेवढी चाऱ्याच्या गवतांमध्ये झाली नाही. संशोधनासाठी मिळणारा तुटपुंजा पैसा हे त्याचे एक कारण आहेच, पण ते अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे खुद्द गवताच्या शरीरात आहे. ज्या रचनेमुळे हे गवत इतक्या जोमाने वाढते, तीच रचना त्याला पचायला जड करते. आणि ज्या युक्तीने ते आपली जात टिकवते, तीच युक्ती पैदासकाराला त्याच्यात हात घालू देत नाही. प्रयोगशाळेत या गवतांवर जे काम चालते, त्यातले बरेचसे या दोन गाठी सोडवण्याचे आहे.

आधी वाढीचे पाहू. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडते ती रुबिस्को नावाच्या विकराच्या साहाय्याने. हे विकर मंद आहे आणि त्याची पारखही कच्ची आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते वारंवार ऑक्सिजनलाच चिकटते, आणि मग ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची कमावलेली ऊर्जा व कार्बन खर्ची पडतो. भात, गहू किंवा सोयाबीनच्या पानात साधारण 25 अंश सेल्सिअसला रुबिस्कोच्या दर चार प्रयत्नांपैकी जवळजवळ एक असा वाया जातो आणि उष्णता वाढली की हे प्रमाण आणखी वाढते. उन्हाळी दुपारी भाताचे पान दमते, त्यामागचे हे एक मोठे कारण.

ऊस, मका, ज्वारी, बाजरी, गिनी आणि नेपियर यांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानात बाहेरच्या पेशींमध्ये पेप कार्बोक्सिलेज नावाचे दुसरे विकर पहारा देते, आणि ते ऑक्सिजनच्या वाटेला मुळीच जात नाही. ते कार्बन पकडून चार कार्बन अणूंचे आम्ल बनवते. हे आम्ल आत, शिरेभोवती कडे करून बसलेल्या जाड भिंतींच्या आवरणपेशींमध्ये जाते, तिथे फुटते आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. रुबिस्को ठेवलेले असते ते फक्त या आतल्या पेशींत. तिथे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या पेशींच्या सुमारे दहापट झालेले असल्यामुळे रुबिस्कोला चुकायला फारसा वावच राहत नाही. या पद्धतीला चार कार्बनच्या आम्लावरून सी-फोर म्हणतात.

हा शोध उसाच्या पानावर लागला, आणि तो एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात लागला हे मला विशेष वाटते. हवाई बेटांवर ह्यूगो कोर्त्शाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उसात काहीतरी वेगळे घडते आहे याचा सुगावा लागला होता आणि त्यांनी तो 1965 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी 1966 मध्ये त्याचा मार्ग मांडला. पद्धत ऐकायला साधी होती. जिवंत पानाला किरणोत्सारी कार्बन असलेला वायू काही सेकंदच द्यायचा, लगेच उकळत्या अल्कोहोलमध्ये बुडवून पान जागच्या जागी मारायचे आणि किरणोत्सारी कार्बन कोणत्या द्रव्यात पोहोचला आहे ते शोधायचे. पहिल्या काही सेकंदांत तो नेहमीच्या तीन कार्बनच्या आम्लात सापडायला हवा होता. सापडला तो चार कार्बनच्या मॅलिक आणि ॲस्पार्टिक आम्लांत.

या रचनेचे फायदे मोठे आहेत. पानावरची रंध्रे कमी उघडली तरी काम भागते, म्हणून तेवढ्याच पाण्यात जास्त वाढ होते. रुबिस्को कमी लागते, म्हणून नत्रही कमी लागते. कडक उन्हात पान थकत नाही. कार्बन डायऑक्साइड आतल्या पेशींत साठवणारा हा पंप चालवायला जास्तीची ऊर्जा लागते, त्यामुळे थंडीत किंवा दाट सावलीत मात्र हा सौदा तोट्याचा ठरतो. काश्मीरच्या कुरणांत ही गवते राज्य करीत नाहीत आणि कोकणात करतात, याचा उलगडा इथे होतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, या पद्धतीने बांधलेल्या कार्बनमध्ये जड कार्बन-13 चे प्रमाण किंचित जास्त असते आणि ती खूण चाऱ्यातून दुधातही उतरते. म्हणून दुधाचा नमुना तपासून जनावराच्या खुराकात मका-नेपियर-कडब्याचा वाटा मोठा होता की दुसऱ्या प्रकारच्या वैरणीचा, याचा अंदाज बांधता येतो.

आता तोटा, आणि तो सोसावा लागतो गायी-म्हशींना. शिरेभोवतीच्या आवरणपेशींच्या भिंती जाड असतात. त्यातही सी-फोर पानात शिरा इतक्या दाटीने असतात की दोन शिरांच्या मध्ये जेमतेम दोन-चार पेशी मावतात. जनावराच्या पहिल्या पोटातील जिवाणू मऊ पेशी लवकर फस्त करतात, पण या जाड भिंतींपाशी त्यांचा वेग मंदावतो. शिवाय रुबिस्को हेच पानातील प्रथिनाचे सर्वात मोठे कोठार असल्यामुळे रुबिस्को कमी म्हणजे चाऱ्यात प्रथिनही कमी. चाऱ्यातील कच्चे प्रथिन सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेले की पोटातील जिवाणूंचीच उपासमार होते आणि जनावर समोर चारा असूनही कमी खाते. तबेल्यात सरकीची पेंड आणि भुसा का घालावा लागतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी पानाच्या या रचनेत आहे.

पचनाचे मोजमाप कसे करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील टिली आणि टेरी या दोघांनी 1963 मध्ये सांगितलेली पद्धत अजूनही कसोटी म्हणून वापरली जाते. गवत वाळवून एक मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतके बारीक दळतात आणि त्यातला अर्धा ग्रॅम एका नळीत घेतात. मग ज्या जनावराच्या कुशीवर शस्त्रक्रिया करून झाकण असलेले कायमचे छिद्र ठेवलेले असते, त्याच्या पोटातील रस काढतात, तो मलमलीतून गाळतात आणि लाळेसारखे क्षार असलेल्या पाण्यात मिसळून नळीत ओततात. नळीतील हवा कार्बन डायऑक्साइडने घालवतात, कारण या जिवाणूंना ऑक्सिजन चालत नाही. शरीराच्या उष्णतेला, अंधारात, अठ्ठेचाळीस तास जिवाणू आपले काम करतात. पुढचे अठ्ठेचाळीस तास आम्ल आणि पेप्सिन. जे उरते ते गाळून, वाळवून तोलतात. तो उरलेला चोथा म्हणजे जनावराने शेणावाटे टाकून दिले असते तो भाग. हजारो रोपांसाठी हे करणे शक्य नसते, म्हणून अलीकडे दळलेल्या गवतावर अवरक्त प्रकाश टाकून परावर्तनावरून मिनिटभरात अंदाज घेतात. पण त्या यंत्राला आधी शिकवावे लागते ते अशा नळ्यांतून मिळालेल्या आकड्यांनीच.

चोथ्याचा मुख्य गुन्हेगार लिग्निन. ते ताटाला ताठपणा देते आणि पेशीभिंतीतील सेल्युलोजला कवच घालते. मक्यात 1924 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात पानाची मधली शीर तपकिरी असलेली झाडे सापडली आणि पुढे कळले की त्यांच्यात लिग्निन कमी आहे. ज्वारीत असेच बदल 1970च्या दशकात रसायनांनी मुद्दाम घडवून आणले गेले. त्यातला एक बदल ज्या जनुकात आहे तो लिग्निनचा एक घटक तयार करणाऱ्या विकराचा आहे, हेही आता माहीत आहे. अशा ज्वारीचा चारा जास्त पचतो. पण ताठपणा कमी झाल्याने पीक लोळण्याची भीती वाढते आणि उत्पन्नही अनेकदा घटते. पहिल्या गाठीचा हाच पेच आहे: पचन हवे तर उभे राहण्यातले थोडे द्यावे लागते. शेतकऱ्याच्या हातात मात्र एक उपाय आजही आहे आणि तो प्रयोगशाळेपेक्षा स्वस्त आहे. कापणी वेळेवर करणे. फुलोऱ्यावर आलेल्या गिनीच्या ताटात लिग्निन भरलेले असते आणि प्रथिन उतरलेले असते. भारा मोठा दिसतो म्हणून आठवडाभर थांबणाऱ्याचे नुकसान होते.

दुसरी गाठ अनुवंशाची, आणि ती जास्त रंजक आहे. सुरुवात नेपियरपासून करू. बाजरीत 14 गुणसूत्रे असतात, नेपियरमध्ये 28. दोघांच्या संकरातून निघणाऱ्या रोपाला बाजरीकडून 7 आणि नेपियरकडून 14 मिळतात, म्हणजे एकूण 21. त्यांतील 7 गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. परागकण आणि अंडपेशी बनताना सारा हिशेब बिघडतो आणि झाड वांझ निघते. चाऱ्यासाठी ते चांगलेच, कारण बाजरीचा रसाळपणा आणि नेपियरचा जोम व बहुवर्षायुपणा एकत्र येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे वाण याच प्रकारचे. पण बी धरत नसल्यामुळे लागवड फक्त कांड्यांनी किंवा ठोंबांनी करावी लागते. याचा अर्थ एका वाणाची सारी शेते म्हणजे अनुवंशाच्या दृष्टीने एकच रोप. एकाला जो रोग लागेल तो सगळ्यांना लागू शकतो. केनिया आणि शेजारच्या देशांत नेपियरच्या खुजेपणाच्या रोगाने हे दाखवून दिले आहे. आपल्याकडे एकच वाण मैलोन्‌मैल लावण्याचा जो उत्साह दिसतो, त्याबद्दल मला म्हणूनच थोडी धास्ती वाटते. या वांझ संकराला कोल्चिसिन हे द्रव्य देऊन गुणसूत्रे दुप्पट म्हणजे 42 केली, तर त्याची प्रजननक्षमता परत येऊ शकते, आणि पैदासकार ती वाट वापरतातही.

गिनीचे प्रकरण उलटे आहे. तिथे बी भरपूर धरते, पण त्या बियांना बापच नसतो.

नेहमीच्या फुलात बीजांडातील एक पेशी अर्धसूत्री विभाजन करते, गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, चारांपैकी एकच पेशी टिकते आणि तिच्यापासून आठ केंद्रकांचा भ्रूणकोश बनतो. त्यातल्या अंडपेशीला परागकणातील पेशी मिळाली की गर्भ तयार होतो. गिनीच्या सर्वसामान्य, चतुर्गुणित म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेल्या रोपात ही पेशी वाटेतच मरते. तिच्या शेजारची एखादी साधी पेशी, अर्धसूत्री विभाजन न करताच, फुगून चार केंद्रकांचा भ्रूणकोश बनवते. तिच्या अंडपेशीत आईची सगळीच्या सगळी गुणसूत्रे असतात आणि ती फलनाशिवाय गर्भ होते. गंमत अशी की परागकण तरीही लागतो. बियातील अन्नाचा साठा तयार होण्यासाठी त्याची गरज असते, गर्भासाठी नसते. या प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात. पैदासकाराने मादी फुलावर हव्या त्या नराचे पराग कितीही काळजीपूर्वक टाकले, तरी उगवणारे रोप आईची हुबेहूब नक्कल निघते. निवड करायला वेगळेपणच मिळत नाही.

कोणते रोप कसे वागते हे ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बीजांड पाहावे लागते. कळ्या योग्य वयाच्या असताना अंडाशय कोरून काढतात, अल्कोहोलमध्ये पाणी काढून टाकतात आणि मग मिथिल सॅलिसिलेटमध्ये बुडवतात, म्हणजे पेशी काचेसारख्या पारदर्शक होतात. दुखऱ्या कंबरेला लावायच्या मलमाला जो उग्र वास येतो तो याच द्रव्याचा, त्यामुळे या कामाची खोली वासावरूनही ओळखता येते. मग शोधायचे काय, तर भ्रूणकोशाच्या अंडपेशीविरुद्ध टोकाला पेशींचा पुंजका आहे का. पुंजका असला तर लैंगिक. नसला, आणि एकाच बीजांडात दोन-तीन कोश दाटीने बसलेले दिसले, तर अपोमिक्सिस. एका रोपासाठी अशी अनेक बीजांडे पाहावी लागतात, कारण काही रोपे दोन्हीही करतात.

यातून वाट निघाली ती लैंगिक रोपे सापडल्यामुळे. अंजन गवतात असे एक रोप अमेरिकेतील टेक्सासमध्ये मिळाले आणि बाशॉ या शास्त्रज्ञांनी त्याबद्दल 1962 मध्ये लिहिले. गिनीसाठी ओरस्तोम या फ्रेंच संस्थेच्या लोकांनी 1967 आणि 1969 मध्ये केनिया-टांझानिया पालथे घातले. टांझानियात त्यांना लैंगिक पद्धतीने बी धरणारी द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनच संच असलेली, रोपे मिळाली. कोल्चिसिनने त्यांची गुणसूत्रे दुप्पट करून चतुर्गुणित लैंगिक मादी तयार केली गेली. नर म्हणून अपोमिक्सिसवाले रोप चालते, कारण त्याचे परागकण नेहमीसारखे अर्धसूत्री विभाजनाने बनतात. अशा संकराची संतती साधारण निम्मी लैंगिक आणि निम्मी अपोमिक्सिसची निघाली. एवढा मोठा गुण गुणसूत्राच्या एकाच भागावर ठरत असावा, असे त्यावरून कळले. हाच संग्रह पुढे ब्राझीलला गेला आणि त्यातून निवडलेले टांझानिया व मोंबासा हे वाण 1990च्या दशकात प्रसारित झाले. ब्रॅकिएरियातही हाच मार्ग वापरला गेला. बेल्जियममध्ये दुप्पट केलेली रुझिझिएन्सिस ही लैंगिक जात आई झाली, आणि कोलंबियातील कॅली येथील सियाट या आंतरराष्ट्रीय केंद्राने तिच्यापासून मुलाटो नावाचा संकर काढला.

या गुणाचे जनुक नेमके कोणते, हे शोधणे मात्र फार अवघड गेले. साधारणपणे पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यावरून जनुकाची जागा टप्प्याटप्प्याने जवळ येते. बाजरीच्या एका रानटी आफ्रिकन नातेवाइकात, पेनिसेटम स्क्वॅम्युलेटममध्ये, अपोमिक्सिसचा हा भाग अदलाबदल करतच नाही. त्यातील डीएनएच्या सगळ्या खुणा पुढच्या पिढीत एकत्रच येतात. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात पेगी ओझायस-एकिन्स यांच्या गटाने अनेक वर्षे त्यावर काम केले. त्या भागातील एक जनुक लैंगिक बाजरीत घातल्यावर अंडपेशी फलनाशिवाय गर्भ धरू लागली, हे त्यांनी 2015 मध्ये दाखवले. भातात याच कुळातील जनुक अंडपेशीत चालू करून आणि अर्धसूत्री विभाजन बंद पाडून कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील गटाने डिसेंबर 2018 मध्ये बियांतून स्वतःची नक्कल करणारा भात प्रसिद्ध केला. याचे महत्त्व आपल्या परिसरात लगेच कळेल. कर्जतच्या केंद्राने काढलेल्या सह्याद्रीसारख्या संकरित भाताचे बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी नवे घ्यावे लागते, कारण घरच्या बियांतून संकराचा जोम विखुरतो. अपोमिक्सिस पिकात आणता आले तर तो विखुरणार नाही. ज्या गुणाने गवताच्या पैदासकाराला इतकी वर्षे अडवले, तोच धान्याच्या पैदासकाराला हवा आहे.

आणखी एक काम मुळांवरचे, आणि ते कोकणाच्या पावसाशी थेट जुळते. ठाणे परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. युरियातून मिळालेले अमोनियम मातीला धरून राहते, पण नायट्रोसोमोनास आणि त्याचे सोबती जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाते. काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो. ब्रॅकिएरिया ह्युमिडिकोला या गवताची मुळे या जिवाणूंना आवर घालणारे द्रव्य सोडतात. जपानी संशोधक आणि सियाट यांच्या गटाने 2009 मध्ये ते वेगळे काढून त्याला ब्रॅकिअलॅक्टोन असे नाव दिले.

ते मोजण्याची रीत मला या सगळ्या विषयातली सर्वात देखणी वाटते. समुद्रात प्रकाशणाऱ्या एका जिवाणूची जनुके नायट्रोसोमोनासमध्ये बसवली आहेत, त्यामुळे तो काम करीत असताना प्रकाशतो. गवताची मुळे पाण्यात ठेवून त्यांनी सोडलेली द्रव्ये गोळा करतात, आटवतात आणि या जिवाणूंवर टाकतात. प्रकाश जेवढा मंदावेल तेवढी त्या मुळांची ताकद. ॲलिलथायोयुरिया या ज्ञात रोधकाच्या ठरावीक मात्रेशी तुलना करून आकडा देतात. मुळे हे द्रव्य सरसकट सोडत नाहीत, आसपास अमोनियम असले तर जास्त सोडतात, म्हणून रोपांना कोणते नत्र देऊन वाढवले याचीही नोंद ठेवावी लागते.

पण ह्युमिडिकोला हे चाऱ्याच्या दर्जाने मध्यमच गवत आहे. दुभत्या म्हशीला केवळ त्यावर ठेवता येणार नाही. त्यातली मुळांची ही ताकद आणि चांगले पचन एकाच रोपात आणायचे तर संकर करावा लागतो, आणि ही जातही बहुगुणित असून तिची बहुतेक रोपे अपोमिक्सिसनेच बी धरतात. संततीतील प्रत्येक रोपाची मुळे पाण्यात ठेवून तपासायला दिवस लागतात, तर रोपे शेकड्यांनी असतात. म्हणून कोवळ्या पानाच्या तुकड्यातील डीएनएवरून रोप लैंगिक आहे की नाही हे ओळखायच्या खुणा आता वापरात आल्या आहेत, आणि मुळांच्या या गुणासाठीही तशाच खुणा शोधण्याचे काम चालू आहे.